मामाचं टेम्पररी कार्ड

माझा मामा दात करतो. एवढंच सांगून थांबलं की ऐकणारा आपोआप आ करून आतली दाढ दाखवायला लागतो, म्हणून पुढचं वाक्य घाईने जोडावं लागतं: तो डॉक्टर नाही. डॉक्टर दात कोरतात आणि माप घेतात. त्या मापावरून कॅप किंवा कवळी घडवतो तो मामा. पेशंट त्याला कधी भेटत नाही. भेटतो तो पेशंटचा जबडा, प्लास्टरचा, डब्यात घालून आलेला, आणि सोबत दाताच्या रंगाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी.

त्याची लॅब म्हणजे सायकलींच्या दुकानावरची एक खोली. भिंतीला लागून लांब बाक, बाकाला पोटाशी अर्धगोल खाच, त्या खाचेत मामा. कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग, समोर मेण तापवायचा दिवा, उजव्या हाताला घासायची मोटर, कोपऱ्यात भट्टी. सगळ्यावर पांढरी धूळ. दिव्यांची बटणं, रेडिओ, मामाच्या भुवया, काही सुटलेलं नाही. दाराशी टेबल टाकून मामी बसते. डबे येणं-जाणं, बिलं, फोन, सगळं तिच्याकडे. फोनवर डॉक्टर असले की तिचा आवाज पाकातून काढल्यासारखा येतो आणि फोन ठेवून मामाकडे वळेपर्यंत तो पाक पार वाळलेला असतो.

मामाला मेणाची सुरी ओठांत धरून बोलायची सवय. सुरी नसली तरी तो तसाच बोलतो, ओठ न हलवता, वाक्याचं शेपूट गिळून. "दिवा जरा पुढे घे" याचं "दिवा जरा पु" होतं. उरलेलं आपण समजून घ्यायचं. मामी सांगते, तिला बघायला आला तेव्हाही असाच बोलला, आणि तिच्या वडिलांना वाटलं मुलगा फारच मोजकं बोलणारा, सुस्वभावी आहे.

शाळा सुटल्यावर तो एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली लागला, ते नुसतं प्लास्टर कालवायला. मग बरीच वर्षं दुसऱ्यांच्या लॅबमध्ये पाठ मोडून घेतली. लग्नानंतर ही खोली घेतली तेव्हा त्याच्याइतकेच नवखे एक डॉक्टर, एकच खुर्ची मांडून बसलेले, त्याला मिळाले. त्यांच्या खुर्च्या वाढत गेल्या तसे मामाकडचे डबे वाढत गेले. बाकीचे डॉक्टर अधूनमधून एखादी मोडकी कवळी जोडायला पाठवतात, पण घर चालतं ते या एका डॉक्टरांवर. हे मामी वरचेवर बोलून दाखवते. मामा बोलत नाही, पण त्यांचे डबे तो फडक्याने पुसून फळीवर वेगळे ठेवतो.

रस्त्यात त्याला चेहरे ओळखू येत नाहीत. शेजारीण अंगावरून गेली तरी हा ढिम्म. पण कुणी हसलं की त्याची मान गर्रकन वळते. एकदा बसच्या रांगेत पुढची बाई फोनवर खदखदून हसत होती, तर हा माझा हात दाबून म्हणतो, "डावीकडची, सुळ्याशेजारची. आपली आहे." त्या बाईला काय ठाऊक, तिच्या हसण्यातला एक तुकडा या रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाचा आहे. तो मात्र बस येईपर्यंत तिच्या तोंडाकडे असा बघत राहिला की मला त्याला ओढून दुसरीकडे न्यावं लागलं.

त्याच्या धंद्यातली एक रीत सांगायलाच हवी. पहिल्या फटक्यात पक्का दात कुणी बसवत नाही. आधी टेम्पररी. स्वस्तातल्या मसाल्याची कच्ची कॅप करायची, पेशंटने ती घालून हिंडायचं, चावायचं, बोलायचं, कुठे उंच लागतंय, कुठे टोचतंय ते सांगायचं. मग ती काढून तिथे पक्की बसवायची. जन्मभर हेच करून मामाचा सगळा संसार टेम्पररी झालेला आहे. पडद्याला दांडीऐवजी तार आहे, ती टेम्पररी. कपाटाच्या तुटक्या पायाखाली कुणाचा तरी प्लास्टरचा जबडा आहे, तोही टेम्पररी. मामी म्हणते, या घरात पक्की बसवलेली वस्तू एकच, ती म्हणजे मी, आणि तीही माझ्या वडिलांनी बसवून दिली म्हणून.

तर एके दिवशी डॉक्टर स्वतः जिना चढून लॅबमध्ये आले. धुळीच्या भीतीने कशालाही न टेकता खोलीच्या मधोमध उभे राहिले. डॉक्टरांचं बोलणं ऐकण्यासारखं आहे. सगळं आयुष्य तोंडात कापूस कोंबलेल्या माणसांशी बोलण्यात गेल्यामुळे ते प्रश्न विचारतात, पण उत्तराची वाट बघत नाहीत. काय उस्ताद, कसं काय, छान छान, वहिनी बऱ्या आहेत ना, वा, आणि ही भाची का, कितवीत, अरे वा. कुणी तोंड उघडायच्या आत आमची सगळ्यांची ख्यालीखुशाली त्यांनी परस्पर उरकून टाकली. मग म्हणाले, दवाखान्यात यंत्र आणलंय. पेनासारखा कॅमेरा, तोंडात फिरवला की जबडा कॉम्प्युटरवर उभा. ओकाऱ्या नाहीत, प्लास्टर नाही, डबे नाहीत. पुढच्या महिन्यापासून माप म्हणजे फाइल.

मामाच्या वाट्याचं त्यांनी नीट समजावून सांगितलं. फाइल उघडायची, स्क्रीनवरच कॅपचा आकार घडवायचा, तो आकार दात कातणाऱ्या कारखान्याकडे पाठवायचा, कातून आलेल्या दाताला मामाने रंग आणि चकाकी द्यायची. गावाच्या दुसऱ्या टोकाची मोठी लॅब हे सगळं आजच करायला तयार आहे, रोज फोन करतात. पण उस्ताद आपले पहिल्यापासूनचे. तेव्हा लॅपटॉप घ्यावा, शिकून घ्यावं, एक केस ते तपासणीसाठी पाठवतील.

"जमलं, तर काम सगळं तुमच्याकडेच," डॉक्टर म्हणाले. "नाही जमलं, तर मग उस्ताद..."

आणि ते थांबले. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच ते समोरच्याच्या उत्तरासाठी थांबले असावेत.

"जम," मामा म्हणाला. म्हणजे जमवू.

डॉक्टर गेल्यावर मामीने फळीवरच्या पुसून ठेवलेल्या डब्यांकडे एकदा बघितलं आणि भट्टीकडे एकदा. जुनी भट्टी बदलायला म्हणून तिने पैसे बाजूला ठेवले होते. ते लॅपटॉपला, असं तिने जाहीर केलं. मामी बोलत नाही, जाहीर करते. जाहीर केलं की त्यावर एक पैसा नाही, उधारी नाही, हप्ते नाहीत, आणि कुणी "थोडेसेच वर" असं म्हणत आला तर त्याने जिन्यावरूनच परत जावं.

डिझाइनच्या प्रोग्रामवाल्या कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस पाठ केलेलं म्हणून दाखवत होता. मध्ये अडवलं की पुन्हा पहिल्यापासून. साध्या लॅपटॉपवर चालणार नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल. मुलं गेम खेळायला घेतात तसला गेमिंग लॅपटॉप. कार्डाची स्वतःची मेमरी किमान इतकी, शिफारस त्याच्या दुप्पट. मामाने विचारलं की किमान आणि शिफारस यांत नेमका फरक काय पडतो. त्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवलं.

मग मामीचा धाकटा भाऊ आला. लिफ्टच्या एका कंपनीत तो हिशेब बघतो, पण त्याला माहीत नाही असं जगात काही नाही, म्हणून त्याला आम्ही सर्वज्ञ म्हणतो. त्याच्यासमोरही म्हणतो, त्याला ते आवडतं. त्याचं प्रत्येक वाक्य "तसं नसतं ते" ने सुरू होतं, समोरच्याने अजून काही म्हटलेलं नसलं तरी. तसं नसतं ते भाऊजी, लॅपटॉपला एक मेंदू हिशेबाचा आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे दुसरा मेंदू, चित्रं काढणारा. मेमरी म्हणजे त्या चित्रकाराचं टेबल. टेबल लहान असलं की मोठं चित्र मावत नाही. इथवर सगळ्यांना कळलं. मग तो नंबरांवर आला. कार्डांना नावं नसतात, नुसते आकडे. मामाला आधी बरं वाटलं, कारण दातांच्या रंगांनाही नंबरच असतात. मोठा नंबर म्हणजे चांगलं कार्ड ना, असं त्याने विचारलं. तसं नसतं ते. नव्या पिढीचा लहान नंबर जुन्या पिढीच्या मोठ्या नंबराला भारी पडू शकतो, किंवा पडत नाही. शिवाय एकाच नंबराचं कार्ड एका लॅपटॉपात पोटभर वीज खातं आणि दुसऱ्यात अर्धपोटी राहतं, आणि हे खोक्यावर कुणी लिहीत नाही. मामाचे डोळे भिंगामागे हळूहळू मोठे होत गेले.

शेवटी सर्वज्ञने निकाल दिला: डोळे मिटून जिथे कार्ड मोठं तो लॅपटॉप उचला, बाकीचं नंतर बघता येईल. कारण काय, तर त्याच्या साहेबांच्या मुलाकडे मोठ्या कार्डाचा आहे आणि त्याच्या बटणांतून सात रंगांचा उजेड येतो. आता याच सर्वज्ञने निवडून दिलेला फ्रिज स्वयंपाकघरात सदैव कण्हत असतो, आणि त्याने आणवलेल्या गादीवर झोपून मामाची कंबर धरलेली. तेव्हा मामाने मान डोलवली आणि मनातून ते सगळं पुसून टाकलं.

दुकानात मामा, मामी आणि मी गेलो. गेम समजतात म्हणून मला घेतलं, म्हणजे फोनवर मी पत्ते खेळते. दुकान थंडगार, भिंतीभर लॅपटॉप आ वासून उभे. मामा आत शिरल्याबरोबर म्हणाला, दवाखान्यासारखं आहे. विक्रेता तरुण होता आणि त्याच्या वाक्यात श्वास घ्यायच्या जागी "सर" यायचं. सर मी सांगतो सर, गेमिंग का सर, कोणता गेम सर. मामा म्हणाला, दाढा. विक्रेता म्हणाला, एकदम नवीन असेल सर, पण चालेल सर.

मामीने जाहीर केलेल्या आकड्यात दोनच लॅपटॉप बसत होते. एकात कार्ड मोठं, शिफारशीइतकं. पण बाकी सगळी काटकसर, प्लास्टिक हलकं, स्क्रीन निस्तेज. दुसऱ्यात कार्ड किमान होतं तेवढंच, पण स्क्रीन अशी की त्यातलं पाणी बघून तहान लागावी. मामा एकासमोर उभा राहायचा, मग दुसऱ्यासमोर, मग परत. इतक्या फेऱ्या झाल्या की दुसरं एक गिऱ्हाईक त्यालाच किंमत विचारून गेलं.

मग त्याने वरच्या खिशातून पंखा काढला. हा पंखा म्हणजे एका पट्टीवर ओळीने लावलेले नमुन्याचे दात, पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत. पेशंटच्या दाताशी धरून रंग ठरवायला असतो. तो पंखा उघडून मामाने स्क्रीनवर दाताचा फोटो लावायला सांगितला आणि खरे-खोटे दात शेजारी शेजारी धरून एक डोळा मिटला. एका बाईने मुलाला मागे ओढलं. निस्तेज स्क्रीनवर सगळे दात एकाच आजाराने पिवळे पडलेले दिसत होते. चांगल्या स्क्रीनवर प्रत्येक दात आपापल्या रंगात. मामाला तेवढं पुरलं. जो रंग खोटा दाखवतो त्याच्याबरोबर रोज बसून काम कसं करायचं, असं तो मामीला हळूच म्हणाला, आणि मामीलाही ते पटलं.

मी कार्डाची आठवण करून दिली. विक्रेत्याने लॅपटॉपची मेमरी आणि डिस्क नंतर वाढवता येते सर, खालून झाकण उघडतं सर, असं दाखवलं. कार्डाबद्दल तो काही बोलला नाही, कारण त्याला कुणी विचारलं नाही. मामाने विचारलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. खोकं उचलून बाहेर आल्यावर त्याने आम्हाला सगळं उलगडून सांगितलं, आणि शेपूट न गिळता सांगितलं, इतका तो खूश होता.

"आत्ता हे टेम्पररी कार्ड. काम सुरू होऊ दे, कुठे टोचतंय ते कळू दे. चार पैसे आले की हे काढून पक्कं बसवू."

आम्हालाही ते इतकं बरोबर वाटलं की मामीने वाटेत त्याला नवा रुमाल घेऊन दिला.

पुढचे काही दिवस मामा नव्याने शाळेत गेल्यासारखा वागत होता. बाकावरचं प्लास्टर खरवडून लॅपटॉपला जागा केली. धूळ जाऊ नये म्हणून मामीने त्याला जुन्या उशीचा अभ्रा शिवून दिला. प्रोग्रामबरोबर सरावासाठी एका दाढेची फाइल आली होती. माउस धरताना मामा तो सुरीसारखा धरायचा, दोन बोटांत, आणि करंगळी टेकवून. पहिली दाढ बटाट्यासारखी झाली. मग हळूहळू तिला खाचा आल्या, उंचवटे आले. एका दुपारी त्याने मला बोलावून ती दाढ फिरवून दाखवली, खालून, वरून, आतून. जन्मात पहिल्यांदा दात आतून बघितला, म्हणाला. एकच गोष्ट जरा खटकली. प्रोग्राममध्ये सगळे दात मातीच्या रंगाचे दिसत होते, फोटोसारखे नाहीत. रंग नंतर हातानेच द्यायचा असतो, मग स्क्रीनवर तो हवा कशाला. मामीने विचारलं, रंग बघून घेतलात ना हा? मामाने उत्तराचं शेपूट गिळलं, आणि डोकंही.

मग डॉक्टरांनी तपासणीची केस पाठवली. एखादी कॅप देतील असं वाटलं होतं. पण डॉक्टर दिलदार. एका दाताने काय परीक्षा होणार, असं म्हणून त्यांनी एका पेशंटचं अख्खं तोंड पाठवलं. वरचे-खालचे सगळे झिजलेले, सगळ्यांवर कॅप करायच्या.

मामाने फाइल उघडली. वरचा जबडा आला, उजवीकडून डावीकडे, कुणी आळसात पडदा ओढावा तसा. खालचा अर्ध्यावर येऊन थांबला. आम्ही वाट बघितली. मामाने वरचा जबडा जरा फिरवला. काही झालं नाही. पुन्हा फिरवला, काही नाही. त्याने हात काढून घेतला तेव्हा जबडा फिरला, दोन्ही वेळचा मिळून एकदम, आणि पाठमोरा होऊन बसला. लॅपटॉपचा पंखा एवढा ओरडायला लागला की खालचा सायकलवाला वर येऊन विचारून गेला, मोटर जळतेय का तुमची. मग एक पाटी आली: ग्राफिक्सची मेमरी अपुरी आहे.

मी जे जे बंद करता येईल ते बंद केलं. चित्र बारीक केलं, भरड केलं. मामीने त्याच्यावरचा भार हलका व्हावा म्हणून स्वतःचा रेडिओ बंद केला, आणि तिला हसायचं कुणाला सुचलं नाही. लॅपटॉप खिडकीत ठेवून बघितला, खाली दोन विटा देऊन बघितला. भरड चित्रात जबडा फिरायचा, पण दातांच्या कडा विरघळलेल्या साबणासारख्या दिसायच्या. कॅप नेमकी जिथे टेकवायची ती कडच दिसत नव्हती.

मामा मात्र शांत होता. कुठे टोचतंय ते कळलं, म्हणाला. आता पक्कं कार्ड बसवू. मामीने घरखर्चातून ओढाताण करून काहीतरी काढलं, किती ते तिने जाहीर केलं नाही, आणि मी आणि मामा लॅपटॉप अभ्र्यासकट घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

दुरुस्ती करणारी बाई होती, मामाच्याच वयाची. कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग, हातात चिमटा, समोर बारीक दिवा. मामाला ते बघून इतका धीर आला की त्याने न विचारता स्टूल ओढून घेतलं. तिने झाकण उघडलं. त्याने शांतपणे सांगितलं, जुनं कार्ड काढा, मोठं बसवा, जुनं परत द्या, कामाला येईल. तिने चिमट्याचं टोक एका काळ्या चौकोनावर टेकवलं.

"हे काढता येत नाही, दादा. हे बसवलेलं नाही. आतल्या मुख्य पाटीवरच डाग देऊन जोडलेलं आहे, जन्मापासून."

"लॅपटॉपच्या मेमरीसारखं निघत नाही?"

"नाही. मोठ्या कॉम्प्युटरचं निघतं. यांचं नाही निघत. ज्याच्यासोबत आलं त्याच्यासोबत जाणार."

मामाने स्वतःचं भिंग खिशातून काढून डोळ्याला लावलं आणि वाकून बघितलं. दोघंही एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून त्या चौकोनाकडे बघत राहिले. बाहेरून वेगळ्या डब्यातलं कार्ड जोडता येतं, ती म्हणाली, पण त्याला लागणारं तोंड या लॅपटॉपला नाही, आणि असतं तरी तो डबा लॅपटॉपपेक्षा महाग. मामाने भिंग पुसून खिशात ठेवलं. मग विचारलं, विकत घेताना हे सगळ्यांना माहीत असतं का. ती चिमटा पुसत म्हणाली की लोक बहुतेक विचारून घेतात. तिने झाकण लावलं आणि पैसे घेतले नाहीत. ते तिने घेतले असते तर बरं झालं असतं, असं मामाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मोठं दुकान मग उरलंच होतं. विक्रेत्याने ओळखलं. दाढावाले सर ना सर. पण सील उघडलं सर, वापरला सर, आता तो जुना धरतात सर. जुन्याच्या भावात घेऊन मोठ्या कार्डाचा द्यायचा तर वर जेवढे घालावे लागणार होते तेवढे मामीने काढले होते त्यात बसत नव्हते. शिवाय तो दुसरा, निस्तेज स्क्रीनचा, संपला होता सर. आता येईल तो वाढीव किमतीत. विक्रेत्याचंही काही चुकलं नव्हतं. तो मामाला पाणी आणायला गेला आणि येईपर्यंत आम्ही निघालो होतो.

संध्याकाळी सर्वज्ञ आला. आम्हाला वाटलं आता तो ऐकवणार, आणि एकदाच का होईना त्याचा तो हक्क होता. तो चहा घेऊन बसला. "तसं..." एवढं म्हणाला, आणि बशीकडे बघत राहिला. मामा त्याला म्हणाला, मेहुणे, तुम्ही बरोबर होता. सर्वज्ञने नुसती मान हलवली. मला त्या बटणांचे दिवे आवडले म्हणून म्हणालो होतो, असं तो जाताना जिन्यात म्हणाला, मला एकटीला ऐकू येईल असं. मग वर तोंड करून, ऑफिसात उसने पैसे मागून बघतो, असं मोठ्याने म्हणाला; पण मामीने उधारी नाही असं पुन्हा जाहीर केलं, या वेळी जरा कमी जोरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने फाइल परत उघडली. काही बदललं असेल असं नाही, पण माणूस बंद पडलेलं घड्याळही हलवून बघतोच. वरचा जबडा येत होता. तेवढ्यात फोन वाजला. मामीने उचलला, पाकातला आवाज काढला, आणि फोन मामाकडे दिला. आवाज मोठा ठेवलेला असतो, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"काय उस्ताद, झालं का? कसं वाटलं? मजा आहे ना?"

मामाने ओठांतली सुरी काढून बाकावर ठेवली.

"डॉक्टर, हे माझ्याच्याने होणार नाही," तो म्हणाला. सगळं वाक्य, शेवटपर्यंत.

डॉक्टर नेहमीपेक्षा हळू बोलले. मनाला लावून घेऊ नका, म्हणाले. मोडक्या कवळ्या सगळ्या तुमच्याकडेच. पुढे कधी जमलं तर कळवा, बघू तेव्हा काय ते. पण हा पेशंट परगावी जाणार आहे, थांबवता येत नाही, केस त्या मोठ्या लॅबला देतो. त्यांनाही वाईट वाटत होतं. ते कळत होतं, कारण ते मध्ये मध्ये उत्तराला जागा सोडत होते आणि मामा ती भरत नव्हता.

शेवटी मामाने विचारलं, "केव्हा देताय? न्यायला कुणी येणार असेल तर डबा..." आणि त्यालाच आठवलं की डबा नाही.

"दिली," डॉक्टर म्हणाले. "आत्ता बोलता बोलताच."

"इतक्यात?"

"हो, बटण दाबलं की झालं."

मामाने फोन मामीकडे परत दिला. मामीने तो जागेवर ठेवला, फळीवरचे रिकामे डबे उगाच जवळ जवळ सरकवले, मग पुन्हा लांब लांब केले. मामाने टोपलीतून एक मोडकी कवळी काढली, भिंग खाली घेतलं आणि तडा कुठून कुठे गेलाय ते बघायला लागला. लॅपटॉपचा पंखा ओरडत होता. वरचा जबडा पुरा आला होता आणि खालचा अर्ध्यावर होता. बंद करू का, मी विचारलं.

"राहू दे," मामा म्हणाला. "येतोय तो."